गोधडी शिवणाऱ्यांसाठी दरमहा येणारा डबा: ४२ तुकड्यांत काय निघतं?

डब्यात पाच इंची ४२ चौकोनी तुकडे, गोधडीच्या मध्ये घालायची पातळ पॉलिएस्टर फायबरची एक शीट, सुती दोऱ्याचं रीळ, हातसुया आणि आराखड्याचं पत्रक. महिन्याला साधारण हजार रुपये.

४२ हा आकडा ऐकायला भरपूर वाटतो. पाव इंचाची माया, म्हणजे शिवणीत आत जाणारी कड, दोन्ही बाजूंनी गेली की प्रत्येक तुकडा साडेचार इंच उरतो. सहा बाय सात मांडणी केली तर २७ बाय साडेएकतीस इंच, म्हणजे तान्ह्या बाळाचं दुपटं. अंगावर घ्यायची वाकळ सहा फूट बाय साडेचार फूट धरा. तिला १६ बाय १२, म्हणजे १९२ तुकडे लागतात. पाच डबे झाले. त्यात दर महिन्याला छपाई नवी, त्यामुळे जुलैच्या निळ्याला नोव्हेंबरचा पिवळा शोभेलच असं नाही.

कापड म्हणून मोजलं तर हिशेब आणखी उघडा पडतो. ४४ इंच पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) एका ओळीला आठ तुकडे बसतात, सहा ओळींत ४८. डब्यातलं सगळं कापड मिळून पाऊण मीटर! मात्र तालुक्याच्या कटपीसच्या दुकानात २१ वेगवेगळ्या छपाया दोन-दोन तुकड्यांपुरत्या कोणी कापून देत नाही. पैसे जातात ते या विविधतेचे आणि कापणीचे. कापणी खरंच सरळ आहे. फक्त कड दातेरी असल्यामुळे पाच इंच दाताच्या टोकापासून भरतात की खाचेपासून, हे पट्टीने आधी पाहा आणि शेवटपर्यंत त्याच खुणेवर शिवा.

खरा घोळ शिवणीत होतो. पत्रकात ‘पाव इंच’ एवढं लिहून मोकळे झालेत, पण पायाने चालवायच्या काळ्या मशीनवर फुटाची, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या भागाची, कड सुईपासून पाव इंचावर असेलच असं नाही. माया पाव इंचाऐवजी तीन अष्टमांश झाली तर तुकडा सव्वाचारचा होतो आणि १६ तुकड्यांच्या लांबीत चार इंच गायब. उपाय सोपा आहे. कागदावर कडेपासून पाव इंचावर रेघ मारा, सुई हाताने चाक फिरवून त्या रेघेवर टेकवा, फूट खाली सोडा आणि कागदाच्या कडेला लागून मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा. मग दीड इंची तीन पट्ट्या जोडून इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर माया जास्त जातेय, चिकटपट्टी केसभर सुईकडे सरकवा. चिंध्यांवर हे जमेपर्यंत डब्यातल्या तुकड्यांना हात लावू नका, कारण जास्तीचा एकही तुकडा येत नाही.

एका ओळीच्या शिवणी डावीकडे आणि खालच्या ओळीच्या उजवीकडे झोपवा, म्हणजे चार तुकडे मिळतात त्या चौकात जाडी साचत नाही. इस्त्री दाबायची आणि उचलायची. घासली की तुकडा तिरका ताणला जातो.

तुकडे आधी धुता येत नाहीत. कडा उसवतात, आकार बिघडतो. त्यामुळे लाल आणि गडद निळ्याची परीक्षा वेगळी घ्या: ओलं पांढरं सुती फडकं वर ठेवून गरम इस्त्री दाबा. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा पांढऱ्याशेजारी लावू नका. मिठाच्या पाण्यात बुडवून असा सुटता रंग पक्का होत नाही, कोणी कितीही सांगो.

फायबरच्या शीटबद्दल काय बोलावं? कापूस पिकवणाऱ्या मुलखात पॉलिएस्टर विकत घ्यायचं, आणि तेही ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पांघरायला! शिवाय कडक इस्त्री लागली की ते वितळून चपटं होतं. त्याऐवजी धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचे दोन-तीन पदर घाला. पिंजलेली रुई घालणार असाल तर पत्रकातलं धावदोऱ्याच्या ओळींमधलं चार इंचांचं अंतर विसरा. ते शीटसाठी आहे. सुट्या रुईला दोन इंचांच्या आत धावदोरा पाहिजे, नाहीतर पहिल्याच धुण्यात गोळे होऊन कोपऱ्यात जमतात. डब्यातला दोरा मशीनवर तुकडे जोडायला चांगला आहे, हाताच्या धावदोऱ्याला मात्र बारीक पडतो. जाड दोरा वेगळा घ्या आणि हातभरच तोडा; लांब दोरा कापडातून ओढून ओढून झिजतो.

दुपटी आणि उशांचे अभ्रे शिवून विकणाऱ्या बचत गटाने एक-दोन महिने घ्यायला हरकत नाही, नेमकी शिवण शिकण्यासाठी तर नक्कीच. घरच्या वाकळीसाठी घेऊ नका. मागवण्याआधी डबा टपालाने येतो की खासगी कुरिअरने, हे विचारून घ्या. कुरिअर बऱ्याच गावांत येत नाही. डबा तालुक्याला पडून राहतो आणि आणायला जाण्याचं भाडं वेगळं. पावसाळ्यात पुठ्ठा ओला आला तर तुकडे लगेच सावलीत पसरा, घडीत बुरशीचे डाग पडतात. पैसे ऑटोपेने, म्हणजे खात्यातून आपोआप, कापले जातात. कापण्याच्या किमान २४ तास आधी मोबाइलवर सूचना येते. बंद करायचं असेल तर ती आल्याबरोबर करा.