ह्यूगो की झोला? गरिबीवर दोघंही लेखक लिहितात, पण...

दोघंही फ्रेंच, विषयही तोच, गरिबी. व्हिक्टर ह्यूगो पक्का रोमँटिक, म्हणजे भावना आणि आदर्शांवर भर देणारा. 'ले मिझराब्ल' (1862) या त्याच्या कादंबरीत जाँ व्हाल्जाँ ब्रेडच्या चोरीपायी जेलमध्ये जातो, पळायचे प्रयत्न धरून 19 वर्षं आत, बाहेर येऊन आसरा देणाऱ्या बिशपचीच चांदी चोरतो, पोलीस पकडून आणतात तर बिशप म्हणतो अरे मेणबत्त्यांचे स्टँड न्यायचे राहिले की, आणि तेही हातात देतो! तिथून माणूस बदलायला लागतो. मधेच वॉटर्लूची लढाई (नेपोलियन हरला ती) पानंच्या पानं चालते, ती मला जड गेली.

एमिल झोलाकडे असा बिशप येत नाही. तो नॅचरॅलिस्ट, माणूस रक्तातून आणि परिस्थितीतून घडतो असं मानणारा. खाणकामगारांच्या संपावरच्या 'जर्मिनाल' (1885) या कादंबरीसाठी तो स्वतः उत्तर फ्रान्समधल्या अँझँच्या कोळसाखाणीत उतरला होता आणि ते पानोपानी जाणवतं, म्हातारा खाणकामगार थुंकतो ती थुंकी काळी, घरातले सगळे एकाच टबात पाळीपाळीने आंघोळ करतात, भूक लागली की उधारीसाठी दुकानदारासमोर हात पसरायचे.

ह्यूगो रडवतो, पण मला झोलाच जास्त खरा वाटतो, कारण तो कोणालाच देवमाणूस करत नाही, संपातल्या कामगारांची क्रूरताही तो लपवत नाही.