कवितेच्या ‘मानधना’पायी १२,४९९ रुपये गेले

आधी ४९९, मग ७,५००, मग ४,५००. एका संध्याकाळात १२,४९९ रुपये, आणि समोरून येणार होते २५,०००. ‘सोशल मीडियावरील दर्जेदार साहित्य व चित्रांना मानधन’ असं या धंद्याचं गोंडस नाव.

मेसेज शुद्ध मराठीत. ‘ताई, तुमच्या कवितेचं तिसरं कडवं वाचून थांबलो.’ प्रोफाइलवर निळी खूण. ती महिन्याला पैसे भरले की मिळते, हे माहीत असूनही डोळे तिथेच जातात. मूर्ख म्हणा हवं तर. पण दिवाळी अंकाच्या हजार रुपयांसाठी पुढची दिवाळी उजाडेपर्यंत वाट पाहिलेल्या माणसाला, नेमकं कडवं वाचणारा देवच वाटतो.

४९९ नोंदणीचे, चला, गेले. ७,५०० मात्र ‘३० टक्के टीडीएस’ म्हणून मागितले. अहो, टीडीएस देणाऱ्याने कापायचा असतो! त्यांनी १७,५०० पाठवायचे, बाकीचे सरकारात भरायचे. शिवाय ३० टक्के हा लॉटरी-बक्षिसाचा दर. व्यावसायिक मानधनावर १० टक्के कापतात, आणि एप्रिल २०२५ पासून एका देणाऱ्याकडून वर्षाला ५०,००० च्या आत मिळत असेल तर तेही नाही. ‘१८ टक्के जीएसटी’चे ४,५०० तर निव्वळ विनोद. जीएसटी लावतो सेवा देणारा, म्हणजे इथे कविता देणारा. आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या कवीला सहसा नोंदणीचीही गरज नसते.

हे सगळं नंतरचं शहाणपण. पण पिन टाकण्याआधी यूपीआयच्या स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं, ते समोरच होतं. संस्थेचं नव्हे, कुणा एका माणसाचं. एकदा नाही, तीनदा दिसलं. विचारलं तर ‘आमचे अकाउंटंट आहेत’. आणि पटलं! ते नाव अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. नाव जुळलं नाही की तिथेच बॅक दाबा, खुलासा मागूच नका. खुलासा त्यांच्याकडे तयार असतो.

खरे पैसे कसे येतात तेही बघा. यूट्यूबचे १०० डॉलर जमल्याशिवाय सुटत नाहीत, १० डॉलर झाले की पत्ता पडताळणीचा पिन पोस्टाने घरी येतो. आधी फी भरा, असं कुणी म्हणत नाही.

१९३०, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन क्रमांक, लागला पाचव्या प्रयत्नात. पोलीस ठाण्यात ‘सायबरला जा’, सायबरला ‘तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात जा’, आणि मध्ये एक साहेब, ‘एवढ्याशा पैशांसाठी?’ गुन्हा हद्दीबाहेरचा असला तरी शून्य क्रमांकाने नोंदवून घ्यायला हवा, ही नव्या कायद्यातली तरतूद त्यांनाच सांगावी लागली. बँकेचं एकच पालुपद, पिन तुम्हीच टाकलात. टाकला, पण समोरचं खातं गोठवायला काय हरकत होती? तक्रार नोंद होईपर्यंत त्या खात्यातून रक्कम पुढे सरकली होती. म्हणून आधी १९३०, रडणं नंतर. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा.

आणि चॅटचे स्क्रीनशॉट शिव्या घालण्याआधी काढा, प्रोफाइलच्या लिंकसकट. इथे दोन शिव्या घातल्या आणि पाच मिनिटांत त्यांचे सगळे मेसेज गायब. उरल्या फक्त आमच्याच ओळी: ‘हो सर’, ‘भरले सर’, ‘कधी जमा होतील सर?’