केसांचं किट नको, रक्ताची ट्यूब नीट निवडा: कुत्र्यामांजरांची धातू तपासणी

कुत्र्याचे केस कापून पाकिटातून पाठवायचे आणि डझनावारी खनिजांचा रंगीत तक्ता मिळवायचा, अशी किट ऑनलाइन विकली जातात. धातूंचं अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणारं आयसीपी-एमएस यंत्र उत्तमच असतं, पण नमुना भरवशाचा नाही. शाम्पू, गोचीड पावडर, रस्त्यावरची धूळ, केसांचा रंग, अंगाच्या कुठल्या भागातून कापले, या सगळ्याने आकडा हलतो. बाहेरून चिकटलेलं शिसं आणि रक्तातून केसात उतरलेलं शिसं धुऊनही खात्रीने वेगळं करता येत नाही. असा तक्ता पाहून जस्ताच्या गोळ्या सुरू करणं तर धोक्याचं आहे, कारण जस्त अति झालं की कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात.

पैसे खर्च करायचे तर रक्तातल्या शिशाच्या तपासणीवर करा. भारतात घरगुती रंगांसाठी शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीचे थर जुन्या भिंतींवर आहेतच. घरात रंग खरवडला जातोय आणि कुत्र्याला उलट्या, पोटदुखी किंवा झटके येताहेत, तर ही तपासणी लगेच करावी. शिसं जवळजवळ सगळं लाल पेशींत बसतं, म्हणून सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा, पेशी नसलेला द्रव) पाठवून उपयोग नाही. जांभळ्या टोपणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए ट्यूबमध्ये रक्त घ्यावं, हलक्या हाताने उलटसुलट करावं, फ्रीजमध्ये ठेवावं पण गोठवू नये. गुठळी झाली तर नमुना पुन्हा घ्यावा. डेसिलीटरला 30 ते 35 मायक्रोग्रॅमच्या वर आकडा आणि सोबत लक्षणं असतील तर विषबाधेचा दाट संशय घ्यावा. 60 च्या वर शंका उरत नाही. उपचाराआधी पोटाचा एक्स-रे हवाच. शिशाचा तुकडा आत असताना शिसं शरीराबाहेर काढणाऱ्या कॅल्शियम ईडीटीएची इंजेक्शनं दिली तर शोषण उलट वाढू शकतं. औषध थांबल्यावर हाडांतलं शिसं पुन्हा रक्तात येतं, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी फेरतपासणी करावी.

जस्ताला मात्र सीरम लागतं, आणि इथेच सर्वात जास्त रिपोर्ट बिघडतात. साध्या ट्यूबच्या रबरी बुचातून जस्त नमुन्यात उतरतं. गडद निळ्या टोपणाची ट्रेस एलिमेंट ट्यूबच मागावी, सीरम लवकर वेगळं करून प्लास्टिकच्या कुपीत भरावं. नमुन्यात पेशी फुटल्या तरी आकडा खोटा चढतो.

लॅब्रेडॉरच्या यकृतात तांबं साठतंय का, हे रक्त सांगत नाही. यकृताचा तुकडाच काढावा लागतो आणि त्याआधी रक्त गोठण्याची चाचणी करावी लागते. सुईने काढलेला एकच बारीक तुकडा बहुधा अपुरा पडतो. कोरड्या वजनावर 400 पीपीएमपर्यंत ठीक, 1000 च्या वर गंभीर.

कोकणात रोज मासळी खाणाऱ्या मांजराच्या लघवीत एकूण आर्सेनिक जास्त दिसलं तर घाबरू नये. माशातलं आर्सेनोबीटेन निरुपद्रवी असतं. अशा वेळी आर्सेनिकचे प्रकार वेगळे मोजणारी चाचणी मागावी.

लॅब निवडताना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता नेमक्या त्याच चाचणीसाठी आहे का, आणि संदर्भमर्यादा कुत्र्यामांजरांच्या आहेत का, हे आधी विचारा. माणसांच्या मर्यादा छापलेले रिपोर्ट फिरत असतात. एककही तपासा: शिशाचे 0.3 पीपीएम म्हणजे डेसिलीटरला सुमारे 30 मायक्रोग्रॅम.