पुणे–सिंधुदुर्ग विमानप्रवास: 290 किलोमीटर आणि बाकीचे चार तास

पुण्याच्या लोहगाव विमानतळापासून चिपीच्या सिंधुदुर्ग विमानतळापर्यंतचे सरळ रेषेतले अंतर सुमारे 290 किलोमीटर आहे. घाट उतरून कुडाळ गाठायचे तर रस्त्याने साडेतीनशेच्या वर किलोमीटर पडतात आणि रात्रीच्या बसला नऊ तास सहज लागतात. या मार्गावरचे एटीआर 72 हे पंख्यांचे विमान ताशी सुमारे पाचशे किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे नुसत्या भागाकाराने पस्तीस मिनिटे होतात. माझ्या तिकिटावर मात्र एक तास पाच मिनिटे लिहिलेली होती आणि ते योग्यच आहे, कारण धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, उंची गाठणे आणि उतरण्यापूर्वी वेग कमी करणे यांतच बराच वेळ जातो. चाके सुटल्यापासून टेकेपर्यंत माझ्या घड्याळात 46 मिनिटे झाली.

ती 46 मिनिटे मात्र पैसे वसूल करणारी आहेत. या विमानात मागच्या दाराने चढतात, दोन-दोन आसनांच्या रांगा असल्यामुळे मधल्या खुर्चीत अडकण्याचा प्रश्न येत नाही, आणि पंख वर असल्याने खालचे सगळे उघडे दिसते. जाताना उजवीकडची खिडकी मागून घ्यावी, म्हणजे आकाश स्वच्छ असल्यास सह्याद्रीपलीकडचे कोकण दिसते. शेवटी पोटाखालून चाक बाहेर येताना दिसले आणि त्यामागे डिसेंबरात पिवळा पडलेला सडा, म्हणजे कोकणातले कातळाचे पठार, वर येऊ लागला. पंख्यांची घरघर सतत असते. ज्यांना ती सोसत नाही त्यांनी पंख्याच्या रेषेतली आसने टाळावीत.

खरा हिशेब दारापासून दारापर्यंतचा करावा लागतो. कोथरूडहून पहाटे साडेपाचला निघून, सव्वानऊला चिपीत उतरून आणि पुढचे पाऊण तासाचे अंतर कापून मी साडेदहापर्यंत कुडाळला पोचायला हवे होते. ठरवलेला गाडीवाला मात्र फोनवर म्हणाला, "काका, तुमी खंय आसास? मी मोपाक उबो आसंय." विमानतळ म्हणजे गोव्यातला मोपा, अशी त्याची समजूत होती, आणि मीही बुकिंग करताना चिपीचे नाव घेतले नव्हते. दुसरी गाडी येईपर्यंत तासभर गेला, तरीही बसच्या तुलनेत तीन तास वाचलेच.

दोन दिवसांच्या सुट्टीवर हलक्या सामानाने जाणाऱ्याने हे विमान जरूर घ्यावे. चौघांचे कुटुंब आणि परतताना नारळांचे पोते असेल, तर रात्रीची बसच बरी, कारण ती निदान झोपेतला वेळ वापरते. पावसाळ्यात ढग खाली उतरतात, तेव्हा परतीचा एक दिवस हाताशी ठेवावा.

परतीच्या आदल्या रात्री त्याच गाडीवाल्याचा फोन आला: "काका, चिपीच मां?"