प्रीमेडसाठी काउन्सेलर घेतला, २ स्टार

लेक अकरावीत, डॉक्टर व्हायचंय (मेडिकलला जाण्याआधी कॉलेजात करायची तयारी म्हणजे प्रीमेड), म्हणून इकडे अमेरिकेत न्यू जर्सीत एका प्रायव्हेट कॉलेज काउन्सेलरचं पॅकेज घेतलं. नाव लिहीत नाही. २ स्टार, तेही मॅडम फोन लगेच उचलतात म्हणून. कॉलेजांची यादी आली ती सरळ रँकिंगवरून उतरवलेली. मी विचारलं पोरीला पेशंट कुठे दिसणार, तर म्हणे हॉस्पिटल सगळीकडे असतंच. अहो असतं, पण किती लांब?

मग आम्हीच शोधलं. जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीचं नाव केवढं मोठं, पण अंडरग्रॅडचा होमवुड कॅम्पस एकीकडे नि हॉस्पिटल ईस्ट बाल्टिमोरला, शटल पकडा. युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्गला मात्र यूपीएमसीचं प्रेस्बिटेरियन हॉस्पिटल अगदी कॅम्पसला चिकटून, लेक्चर संपलं की चालत शिफ्टला, थंडीत हे फार कामाचं. राइस युनिव्हर्सिटीसमोरचा मेन स्ट्रीट ओलांडला की टेक्सस मेडिकल सेंटर, म्हणजे हॉस्पिटलंच हॉस्पिटलं (ह्यूस्टनचा उकाडा सहन होत असेल तर बघा). आणि नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीचं को-ऑप, साधारण ६ महिने क्लास बंद, फुलटाइम काम, बहुतेक वेळा पगारी, हे तर मॅडमच्या यादीत नव्हतंच!

आणि नुसतं हॉस्पिटल शेजारी असून भागत नाही, व्हॉलंटियरची वेटिंग लिस्ट किती, टीबी टेस्ट आणि लसींचे कागद कधी द्यायचे, स्क्राइबचं (डॉक्टरसोबत राहून पेशंटच्या नोंदी लिहायचं) काम मिळतं का, हे कॉलेजच्या प्रीहेल्थ ऑफिसला (मेडिकलच्या तयारीचा सल्ला देणाऱ्या) विचारा, आम्ही ईमेल केले आणि दोन ठिकाणांहून झकास उत्तरं आली, तीही फुकटात.

पॅकेजचे उरलेले दोन सेशन निबंधासाठी वापरतोय, पैसे भरलेत ना.