पितळी न्यायदेवता : तराजू, तलवार आणि डोळ्यांवरची पट्टी

भाचीला या वर्षी वकिलीची सनद मिळाली, तेव्हा तिच्या नव्या ऑफिसात कायम राहील अशी एखादी वस्तू द्यावी असे मनात होते. पेन, डायरी आणि काळा कोट तिला इतरांकडून मिळणारच होते, म्हणून मी न्यायदेवतेची पितळी मूर्ती ऑनलाइन मागवली. बैठकीसह उंची ३२ सेंटीमीटर, वजन २ किलो ४०० ग्रॅम आणि किंमत ४,६५० रुपये. मूर्ती मुरादाबादच्या घडणीची आहे. गेली २६ वर्षे मी तालुका न्यायालयात दिवाणी दावे चालवतो आहे आणि न्यायदेवतेची चित्रे व शिल्पे हा माझ्या वाचनाचा जुना विषय आहे. त्यामुळे ही मूर्ती मी केवळ शोभेची वस्तू म्हणून पाहू शकलो नाही. दीड महिना ती माझ्याच टेबलावर ठेवून नीट पारखली आणि मगच भाचीकडे दिली. घेऊ इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ते निरीक्षण येथे सविस्तर लिहितो.

प्रथम धातूविषयी. याच चेहऱ्यामोहऱ्याच्या पण रेझिनच्या, वरून पितळी रंग दिलेल्या मूर्ती निम्म्याहून कमी किमतीत मिळतात आणि छायाचित्रात दोन्हींतील फरक कळत नाही. वर्णनात वजन दिलेले नसेल तर ते विचारून घ्यावे, कारण वजन कळले की धातू कळतो. माझ्याकडे आलेली मूर्ती निखळ पितळेची आहे. वस्त्राच्या चुण्या खोल आहेत, कानशीचे काम पाठीमागच्या बाजूनेही झाले आहे आणि तलवारीच्या मुठीजवळचा डागकामाचा जोड हाताला लागत नाही. बैठकीच्या खाली मात्र कडा धारदार राहिल्या होत्या. टेबलाच्या काचेवर चरे पडू नयेत म्हणून मी तेथे मखमलीचा तुकडा चिकटवला. मूर्तीवर लॅकरचा थर असल्यामुळे घरच्या समया घासतो तशी ती चिंचेने घासू नये, थर निघून चट्टे पडतात. कोरडे मऊ कापड पुरेसे आहे.

आता तराजूकडे येतो, कारण या मूर्तीचा जीव तराजूत आहे. बाजारातील बहुसंख्य मूर्तींमध्ये दांडी, साखळ्या आणि पारडी एकाच साच्यातून ओतलेली असतात. त्यांतली पारडी हलत नाहीत आणि जे पारडे हलत नाही त्याला तोलता येत नाही. या मूर्तीच्या डाव्या मुठीतून एक आकडा खाली आला असून दांडी त्यावर मोकळी टांगलेली आहे, पारडीही साखळ्यांवर मोकळी आहेत. एका पारड्यात रुपयाचे नाणे टाकले की दांडी झुकते, दुसऱ्यातही टाकले की सावरते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ही मूर्ती इतरांपेक्षा वरची मानतो.

तरीही पहिल्या दिवशी रिकामा तराजू उजवीकडे झुकलेला होता. ओळखीच्या सराफाकडे पारडी तोलून पाहिली, तेव्हा एक पारडे दुसऱ्यापेक्षा दीड ग्रॅमने जड भरले. विक्रेत्याला कळवले. त्याने वस्तू परत घेण्याची तयारी दाखवली, पण पारडी जुळवून देण्याविषयी काहीच सांगितले नाही. शेवटी आमच्याकडील तांबटाने जड पारड्याच्या तळाला आतून कानस मारून दोन्ही बाजू एकसारख्या केल्या. अर्ध्या तासाचे काम होते आणि ते कारखान्यातच व्हायला हवे होते. समईची एक वात किंचित तिरपी असली तर चालते, परंतु न्यायदेवतेच्या हातातील रिकामा तराजू एका बाजूला झुकलेला असणे म्हणजे मूर्तीने स्वतःचा अर्थच गमावणे होय.

अशी तक्रार करणारा मी पहिला नाही. आयर्लंडमधील डब्लिनच्या किल्ल्याच्या प्रवेशद्वारावर जॉन व्हॅन नॉस्ट या शिल्पकाराने घडवलेली न्यायदेवता १७५१ पासून उभी आहे. पावसाचे पाणी पारड्यांत कमीजास्त साचून तिचा तराजू कलंडत असे आणि ब्रिटिश सत्तेच्या न्यायावर विश्वास नसलेले शहरवासी त्या कललेल्या तराजूकडे बोट दाखवत. अखेर पारड्यांना भोके पाडून पाण्याला वाट करून द्यावी लागली. त्या मूर्तीचे तोंड किल्ल्याच्या आतील बाजूस आणि पाठ शहराकडे आहे, हाही लोकांच्या मनातील एक सल होता. शिल्पकाराच्या मनात काय होते यापेक्षा न्यायासाठी दाराशी आलेल्या माणसाला काय दिसते याला महत्त्व आहे, असे ही हकिगत वाचल्यापासून माझे मत झाले आहे.

तराजू हे न्यायाचे सर्वांत जुने चिन्ह आहे. प्राचीन इजिप्तच्या पपायरसांवर मृताचे हृदय एका पारड्यात आणि माआत या देवतेचे पीस दुसऱ्या पारड्यात ठेवून तोलल्याची चित्रे आढळतात. रोमन नाण्यांवर तराजू दिसतो तो मुख्यतः समन्यायाची देवता इक्विटास हिच्या हाती. इटलीतील पादुआ येथे चित्रकार जॉत्तोने १३०५ च्या सुमारास रंगवलेली न्यायदेवता सिंहासनावर बसली आहे आणि दोन्ही पारडी तिने स्वतःच्या तळहातांवर तोलून धरली आहेत. सिएनाच्या नगरसभागृहात अंब्रोज्यो लोरेंझेत्तीने १३३८–३९ मध्ये काढलेले भित्तिचित्र मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. त्यात न्यायदेवतेच्या दोन्ही पारड्यांतून एकेक दोरी खाली येते, एकोप्याची देवता त्या दोऱ्या हाती घेते आणि पुढे ती दोरी २४ नागरिकांच्या हातांतून जाते. एकोप्याच्या देवतेच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे, उंचसखल जागा सारख्या करण्यासाठी. शेजारच्या भिंतीवर कुशासनाचे चित्र आहे. तेथे जुलमी सत्ताधीशाच्या पायाशी हीच न्यायदेवता बांधून टाकलेली आहे आणि तिचा तराजू मोडला आहे. हे सारे रंगवले गेले ते नगरीचा कारभार पाहणारे नऊ जण ज्या दालनात बसत त्याच दालनात, म्हणजे निर्णय घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर.

तलवारीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ती उजव्या हातात असून टोक जमिनीकडे आहे, पाते सरळ आहे आणि ओतकाम निर्दोष आहे. पायाखाली साप व पुस्तक ही नेहमीची जोडी आहे. सापाच्या अंगावरील खवले मन लावून केलेले दिसतात. पुस्तक मात्र गुळगुळीत ठोकळ्यासारखे राहिले आहे, त्याच्या पानांच्या रेघा तरी दाखवायला हव्या होत्या. आमच्या व्यवसायात पुस्तकाचे स्थान सापापेक्षा मोठे आहे.

आता डोळ्यांवरच्या पट्टीविषयी. खोक्यात एक छापील माहितीपत्रक होते. त्यात म्हटले आहे की प्राचीन ग्रीक काळापासून न्यायदेवता डोळ्यांवर पट्टी बांधूनच दाखवली जाते. हे विधान चुकीचे आहे आणि अनेक वकिलांच्याही मनात हीच समजूत असल्याने त्याचा खुलासा करणे मला आवश्यक वाटते. रोमन सम्राट टायबेरियसच्या काळातील, इसवी सन २२–२३ मधील नाण्यावर न्यायदेवतेचा मुखवटा आहे. तिचे डोळे उघडे आहेत. जॉत्तोची आणि लोरेंझेत्तीची न्यायदेवताही उघड्या डोळ्यांनी पाहते. पट्टीचे प्रसिद्ध प्रारंभीचे चित्र १४९४ मध्ये बाझेल येथे छापलेल्या एका जर्मन उपहासकाव्यात आहे. त्या काष्ठचित्रात सिंहासनावर बसलेल्या न्यायदेवतेच्या मागे उभा राहून एक मूर्ख माणूस तिचे डोळे बांधतो आहे. म्हणजे तेथे पट्टी हा न्यायदेवतेचा अलंकार नव्हता, खोट्या दाव्यांच्या आणि कज्जेदलालीच्या काळात तिची झालेली ती विटंबना होती.

पुढच्या अर्धशतकात या पट्टीचा अर्थ उलटा झाला. स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात हान्स गिएंगने १५४३ मध्ये कारंज्यावर न्यायदेवता उभी केली. तिच्या डोळ्यांवर पट्टी आहे आणि पायाशी पोप, सम्राट, सुलतान आणि नगरप्रमुख अशा चार सत्तांची लहान लहान मस्तके आहेत. आपल्यासमोर राजा उभा आहे की रंक, हे न पाहता ती निवाडा करील, असा आता पट्टीचा अर्थ झाला आणि तोच रूढ झाला. तरी सर्वांनी तो मानला असे नाही. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाच्या घुमटावर एफ. डब्ल्यू. पोमरॉय यांची सोनेरी मुलाम्याची न्यायदेवता विसाव्या शतकाच्या आरंभापासून हात पसरून उभी आहे आणि तिचे डोळे उघडे आहेत.

माझ्या मूर्तीतील पट्टीचे काम कारागिरीच्या दृष्टीने सुरेख आहे. मागची गाठ आणि खांद्यावर रुळणारे तिचे टोक पाहत राहावे असे आहे. पण भाचीने मूर्ती हातात घेतल्यावर जे विचारले त्याचे उत्तर कारागिरीत नाही. ती म्हणाली, “मामा, हिचे डोळे बांधलेले आहेत, मग काटा कुठे थांबला ते पाहतं कोण?” मी तिला रूढ उत्तर दिले. पक्षकार कोण आहे ते तिने पाहू नये म्हणून पट्टी, असे म्हणालो. नंतर विचार करताना ते उत्तर मलाच अपुरे वाटले. साक्षीदार कोणत्या प्रश्नाला चाचरला, दस्तावरील अंगठा कोणाचा, विधवेच्या नावची जमीन कोणत्या परिस्थितीत लिहून घेतली गेली, हे ज्या न्यायाधीशाने पाहिले नाही त्याच्यापुढे दावा चालवणे काय असते ते मी अनुभवले आहे.

शिवाय आपल्याकडे न्यायाचा जो आदर्श मराठी माणसाच्या मनात शतकांपासून आहे त्याच्या डोळ्यांवर पट्टी नाही. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये खून झाल्यावर रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरे प्रायश्चित्त नाही असे सांगितले. समोर पेशवेपदावरचा माणूस उभा आहे हे त्यांना पुरते दिसत होते, त्यांच्या निवाड्याचे मोल त्या दिसण्यातच आहे. ‘रामशास्त्री बाणा’ हा शब्दप्रयोग आपण आजही करतो तेव्हा आपल्याला न पाहणारा न्याय अभिप्रेत नसतो, पाहूनही न डगमगणारा न्याय अभिप्रेत असतो.

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत सार्वजनिकही झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश-ग्रंथालयात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या कारकिर्दीत साडी नेसलेली, उघड्या डोळ्यांची न्यायदेवता बसवण्यात आली. तिच्या एका हाती तराजू आहे आणि दुसऱ्या हाती तलवारीऐवजी संविधान. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सर्वांना ज्ञात झाली, तेव्हा तेथील वकील संघटनेने आपल्याला विश्वासात न घेता हा बदल केल्याबद्दल आक्षेप नोंदवला. आक्षेप योग्य होता, कारण न्यायालयाचे चिन्ह एकट्या न्यायाधीशांचे नसते. मूर्तीतील बदल मात्र मला मनापासून पटला आहे. त्या न्यायालयाच्या इमारतीची मांडणीही तराजूच्या रूपात आहे, मधला भाग म्हणजे दांडी आणि दोन्ही बाजूंचे पंख म्हणजे पारडी. तिचे वास्तुकार गणेश भिकाजी देवळालीकर हे मराठी होते, याचा उल्लेख आपल्याकडे फारसा होत नाही म्हणून येथे मुद्दाम करतो.

मुंबई उच्च न्यायालयाची इमारत १८७८ मध्ये पूर्ण झाली. तिच्या मनोऱ्यांवर न्यायदेवतेबरोबर करुणेचीही मूर्ती आहे. आतील दगडी कोरीवकामात हाती तराजू धरलेले एका डोळ्याचे माकड आणि गळ्यात वकिली बँड घातलेला कोल्हाही आहे. दावा हरलेल्या एका पारशी कंत्राटदाराने ती चित्रे कोरवून घेतली अशी आख्यायिका वकील मंडळी नवख्यांना सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, हरलेल्या पक्षकाराची व्यथा त्या दगडावर राहिली आणि न्यायालयाने ती तशीच राहू दिली, याचे मला नेहमी समाधान वाटते. या मूर्तींचे काळजीपूर्वक घडवलेले लहान नमुने मिळाले तर मी पुन्हा पैसे खर्च करायला तयार आहे. करुणेची मूर्ती तर बाजारात माझ्या पाहण्यात कोठेच आली नाही, आणि न्यायदेवतेशेजारी ती असावी असे मला फौजदारी वकिलांच्या ऑफिसांत विशेष वाटते.

खरेदीविषयी माझे मत असे. पितळ, ओतकाम आणि मोकळा तराजू या तीन गोष्टींसाठी ४,६५० रुपये ही किंमत रास्त आहे. पाचपैकी मी चार गुण देतो. एक गुण कापला आहे तो न जुळवलेल्या पारड्यांसाठी आणि चुकीच्या माहितीपत्रकासाठी. मूर्ती हाती आल्यावर सर्वप्रथम ती सपाट टेबलावर ठेवून, पंखा बंद करून, रिकामा तराजू स्थिर होऊ द्यावा आणि दांडी आडवी राहते का ते पाहावे. राहत नसेल तर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी निर्णय घ्यावा किंवा जवळचा तांबट गाठावा. वाचनालयात किंवा न्यायालयातील वकिलांच्या बार रूममध्ये ठेवायची असेल तर यापेक्षा मोठी मूर्ती घ्यावी. एका वकिलाच्या टेबलासाठी मात्र हा आकार नेमका आहे. हीच मूर्ती उघड्या डोळ्यांची करून द्यावी आणि माहितीपत्रकातील ते वाक्य काढावे, असे मी विक्रेत्याला लेखी कळवले आहे. पट्टीविना मूर्ती निघाली तर मी ती माझ्यासाठी घेणार आहे.

भाचीच्या ऑफिसात मूर्ती ठेवताना तिचे तोंड पक्षकाराच्या खुर्चीकडे करायचे की वकिलाच्या, यावर आम्ही बराच वेळ बोललो. दुकानांच्या छायाचित्रांत आणि बहुतेक ऑफिसांत ती येणाऱ्याकडे पाहत असते. भाचीने ती स्वतःच्या खुर्चीकडे वळवून ठेवली. तराजू मात्र दोन्ही बाजूंनी दिसतो.