जुनी बीएसए विकायची आहे: चालती प्रोजेक्ट, पूर्ण रिस्टोअर, की सुटे भाग?

गिरगावातल्या चाळीत जिन्याखाली किंवा दादरच्या पारशी कॉलनीत कापडाखाली उभी असलेली बीएसए एम२०, मॅचलेस जी३एल किंवा नॉर्टन १६एच, म्हणजे जुनी ब्रिटिश मोटारसायकल, विकायला काढली की तीन वाटा दिसतात. आहे त्या रंगात, इंजिन चालू करून प्रोजेक्ट म्हणून, म्हणजे बाकीचं काम घेणाऱ्यावर सोडून, द्यायची; सगळी उघडून नवीकोरी करायची; नाहीतर खोलून भाग विकायचे. कागद शाबूत असतील तर पहिली वाट धरावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र जाहिरातीत 'चालू' लिहिण्याआधी तो शब्द खरा करावा लागतो.

थंड इंजिन पहिल्या किकला सुरू झालं म्हणून जाणकार गिऱ्हाईक भुलत नाही. तो गाडी तापेपर्यंत थांबतो. ठिणगी देणाऱ्या लुकास मॅग्नेटोच्या आर्मेचरमधला (आतल्या फिरत्या गुंडाळीतला) कंडेन्सर म्हातारा झाला की गरम झाल्यावर ठिणगी मरते आणि गाडी थंड होईपर्यंत सुरू होत नाही. म्हणून आधी आपणच इंजिन १५-२० मिनिटं चालवा, बंद करा, १० मिनिटं थांबा आणि पुन्हा किक मारा. नाही घेतली, तर मॅग्नेटोचे पॉइंट साफ करून त्यांच्यातलं अंतर बारा थाऊ, म्हणजे ०.०१२ इंच, ठेवून पाहा. तरीही तेच झालं तर आर्मेचर बाहेर काढणं आलं. ते निघालंच आहे तर कंडेन्सरबरोबर वाइंडिंगही करून घ्या. वाइंडिंगवरची जुनी शेलॅक (लाखेचा लेप) उष्णतेने मऊ होऊन आर्मेचर चिकटवते, तो त्रासही जातो. विकण्याआधी एकच मोठा खर्च करायचा असेल तर तो हा.

दुसरी गोष्ट तेलाची. या इंजिनांचं तेल वेगळ्या टाकीत असतं आणि गाडी उभी राहिली की पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, उतरतं. महिनाभर उभी गाडी तशीच सुरू केली की धुराचा लोट निघतो आणि जाहिरातीचा व्हिडिओ पाहणाऱ्याला वाटतं, पिस्टनच्या रिंगा गेल्या. आधी क्रँककेसच्या तळातून तेल सोडा, टाकी पातळीपर्यंत भरा, मग किक मारा. सुरू झाल्यावर टाकीचं झाकण उघडून परतीच्या नळीतून येणारं तेल दाखवा: तळाचं तेल ओढून झालं की ते हवेच्या बुडबुड्यांसह थांबत थांबत यायला हवं. उतरणारं तेल अडवायला नळीत तोटी बसवण्याचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. तोटी उघडायची राहिली की बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या तळाचं, बेअरिंग गेलंच.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याने टाकीला आतून लावलेलं जुनं सीलर सुटतं आणि अमाल कार्बुरेटरच्या जेटमध्ये अडकतं. शिवाय इथेनॉल ओल धरतं, त्यामुळे पावसाळ्यात टाकी आणि फ्लोट चेंबर रिकामे ठेवा.

एवढं झालं की थांबा. रंग, क्रोम, सीट यांना हात लावू नका. प्रोजेक्ट घेणाऱ्याला रंगाचे जुने थर बघायचे असतात. ताजा स्प्रे दिसला की खाली पुट्टी असल्याचा संशय येतो. नट खोलायचेच असतील तर व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे पाने लागतात, ते नागदेवीला किंवा चोर बाजारात विचारून पाहा. मेट्रिक पान्याने गोल झालेले नट गिऱ्हाइकाला पहिल्या नजरेत दिसतात. बुलेटचा मिककार्ब कार्बुरेटर बसवला असेल तर लपवू नका, आणि काढलेला मूळ अमाल सोबत द्या.

पूर्ण रिस्टोअर करून विकण्यात पैसा अडकतो तो न दिसणाऱ्या जागी: क्रँक, बोअरिंग, गिअरबॉक्स. गिऱ्हाइकाला दिसतो फक्त रंग. प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि लेथवाल्याची बिलं नसतील तर खालच्या कामाचा भाव मिळत नाही. त्यातून युद्धकाळातल्या एम२०वर चकचकीत क्रोम चढवला तर जाणकार तोच दोष धरतो. ज्याचा मिस्त्री ठरलेला आहे आणि ज्याला विकण्याची घाई नाही, त्याच्यासाठीच ही वाट.

सुटे भाग विकणं आम्हाला मनापासून पटत नाही. चेसिस मोडलेली किंवा कागद कायमचे गेलेले असतील तरच तो विचार करावा. नोंदणी असलेली गाडी खोलली तर आरटीओला कळवून आरसी परत करावी लागते. चेसिस एकाला आणि आरसी बुक दुसऱ्याला, हा व्यवहार कधीच करू नका.

भाव शेवटी कागदांवर ठरतो. इंजिन आणि चेसिस नंबरांवर चुन्याची पूड चोळून जवळून फोटो काढा. घासणं किंवा पुन्हा ठोकणं नको. एम२०मध्ये दोन्ही नंबर कारखान्यातूनच वेगवेगळे असत, त्यामुळे जुळत नाहीत म्हणून भाव पाडणाऱ्याला हे सांगा. पन्नाशीच्या दशकातल्या ट्रायम्फमध्ये मात्र ते सारखेच हवेत. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, चेसिस-इंजिनात मोठा बदल नसलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००; पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही. आधीच नोंदलेल्या गाडीचा मूळ नंबर राहतो आणि जुना मुंबईचा नंबर हवा असणारे बरेच असतात.

विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करा. गिऱ्हाईक दुसऱ्या आरटीओचा असेल, उदाहरणार्थ तुमची गाडी ताडदेवची आणि तो पुण्याचा, तर फॉर्म २८ची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) लागते का, हे आरटीओत विचारून घ्या. इन्शुरन्स चालू नसेल तर गिऱ्हाइकाला चालवून बघायची फेरी रस्त्यावर नको, सोसायटीच्या आवारातच द्या, आणि नेताना टेम्पोतून न्यायला सांगा.